हायड्रिला: उपटायची, ठेवायची की वापरायची?

पुण्यात पाण्यातल्या तणाचा विषय निघाला की बोलणं जलपर्णीवर येऊन थांबतं. साहजिक आहे, ती मुळा-मुठेच्या आणि पवनेच्या पुलांवरून डोळ्यांना दिसते. पाण्याखाली वाढणाऱ्या तणाची दखल मात्र फार उशिरा घेतली जाते. शेततळ्यातल्या मोटरच्या फुटव्हॉल्व्हची जाळी तुंबते, जाळ्यात मासळीऐवजी हिरवा गुंता येतो किंवा सोसायटीच्या शोभेच्या तळ्यातले मासे एका पहाटे उलटे तरंगताना दिसतात, तेव्हा कुठे कोणीतरी पाण्यात वाकून बघतं. मग 'शेवाळ झालंय' म्हणून मोरचूद (तांब्याचा क्षार) आणला जातो. शेवाळ त्याने काही दिवस हटतं. पण हा गुंता बहुतेक वेळा हायड्रिलाचा असतो, आणि तिला खोड, मूळ, फूल, कंद असं सगळं असतं. शेवाळापुरता टाकलेला मोरचूद तिची पानं फार तर करपवतो, कंदांना काही करत नाही. बोअरच्या जड पाण्यात तर त्यातलं बरंचसं तांबं तळाशी बसतं आणि तिथल्या गोगलगायींना भोवतं.

जगभर या वनस्पतीचं नाव वाईट आहे. अमेरिकेत ती केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे. भारतीय उपखंड मात्र तिच्या मूळ प्रदेशात मोडतो, त्यामुळे इथे तिला परकी ठरवून समूळ नष्ट करायची मोहीम काढण्यात अर्थ नाही. घरची आहे म्हणून ती गुणी आहे, असंही नाही. उथळ पाणी, बारमाही साठा आणि सांडपाण्यातून किंवा शेतातून येणारं खत ही तीन कारणं एकत्र आली की ती पुणे जिल्ह्यातही अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्यासारखीच बेफाम वाढते. तिचं काय करायचं हे वनस्पती बघून ठरत नाही, पाणी बघून ठरतं.

ओळख पटवा, मग हात लावा

एक फांदी उचलून पांढऱ्या ताटलीत पाण्यात पसरा. खोडावर ठरावीक अंतराने पानांची चक्रं दिसतील. एका चक्रात साधारण ४ ते ८ पानं, पान एक-दोन सेंटिमीटर लांब आणि टोकदार. पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. फांदी बोटांमधून उलटी ओढली की खरखरीत लागते, कारण पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेवरही बारीक काटे असतात. पक्की खूण जमिनीत असते. जमिनीत पसरणाऱ्या खोडांच्या टोकाला हरभऱ्याएवढे किंवा त्याहून लहान, मळकट पांढरे ते तपकिरी कंद सापडले की शंका उरत नाही.

मत्स्यालयाच्या दुकानांत 'हायड्रिला' म्हणून बऱ्याचदा एगेरिया विकली जाते. ती दक्षिण अमेरिकेतली. तिची पानं दुप्पट मोठी, चक्रात बहुधा ४, कडा गुळगुळीत दिसणाऱ्या आणि कंद मुळीच नाहीत. एलोडियाच्या चक्रात बहुधा ३ पानं असतात. सेराटोफायलमची पानं टोकाला दुभंगलेली असतात आणि तिला मुळं नसतात. हा फरक पुढे पैशात मोजला जातो. कंद नसलेलं तण दोन-तीन वेळा नीट काढलं की आटोक्यात येतं, कंद असलेलं येत नाही.

ती इतरांना कशी हरवते

पाण्याखाली झाडाला दोन गोष्टींची चणचण असते, उजेड आणि कार्बन. हायड्रिलाने दोन्हींवर तोडगा काढलेला आहे.

भर उन्हाच्या जेमतेम एक टक्का उजेडावरही ती तग धरते, म्हणून पहाटे इतर पाणवनस्पतींच्या आधी तिचं काम सुरू होतं. फ्लोरिडातल्या क्रिस्टल नदीच्या नितळ पाण्यात ती १५ मीटर खोलवर वाढलेली आढळली आहे. आपल्याकडच्या गढूळ तळ्यांत ती तेवढी खोल जाणार नाही, पण दीड-दोन मीटरवरून वर यायला तिला अडचण नसते. खोड दिवसाला अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतं. पृष्ठभाग गाठला की ते भराभर फांद्या फोडतं, आणि झाडाचा बहुतांश भार वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरात गोळा होतो. त्या छताखाली इतर वनस्पतींना अंधार.

कार्बनचं प्रकरण जास्त रंजक आहे. दाट गुंत्यात दुपारपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपतो आणि ऑक्सिजन साठत जातो. अशा वेळी बहुतेक वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण मंदावतं, कमावलेल्या कार्बनचा काही भाग वायाही जातो. ऊस, ज्वारी आणि मका यांनी यावर उपाय शोधला आहे: कार्बन आधी एका प्रकारच्या पेशीत पकडायचा आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशीत वापरायचा. हायड्रिला हेच काम एकाच पेशीत करते, तेही फक्त कार्बनची टंचाई असेल तेव्हा. पाणी थंड आणि कार्बन मुबलक असेल तर ती साध्या पद्धतीवर परत येते.

शिवाय ती पाण्यातला बायकार्बोनेटही वापरते. पानाच्या खालच्या बाजूने आम्ल सोडून ती बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवते आणि वरच्या बाजूचं पाणी अल्कधर्मी होतं. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतंच, ते त्या अल्कधर्मी थरात चुना होऊन पानावर बसतं. शेततळ्यातल्या हायड्रिलावर पांढरट, खडबडीत पापुद्रा दिसतो तो हाच. तो रोग नव्हे.

याच कारणाने शाळेतला, हायड्रिलातून निघणारे ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवणारा उलट्या फनेलचा प्रयोग अनेकदा फसतो. चंचुपात्रात आरओचं पाणी घेतलं तर त्यात बायकार्बोनेट नावालाच असतं, मग बुडबुडे येणार कुठून? नळाचं अर्धा लिटर पाणी घ्या, त्यात एक ते दोन ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. ताज्या, शेंड्याकडच्या फांद्या पाण्याखालीच ब्लेडने कापा आणि कापलेली टोकं फनेलच्या नळीकडे वर करून ठेवा, कारण बुडबुडे तिथूनच निघतात. ट्यूबलाइटवर भागत नाही, खिडकीतलं ऊन लागतं. चुना बसलेल्या जुन्या फांद्या वापरू नका.

पुनरुत्पादनात तिने बियांवर फारशी भिस्त ठेवलेली नाही. नराची कळी झाडापासून सुटून वर तरंगत येते, पृष्ठभागावर फुटते आणि परागकण उडवते. बघायला सुंदर, पण प्रसाराचं खरं काम तुकडे आणि कंद करतात. एक-दोन पेरांचा तुकडाही नवं झाड उभं करू शकतो. पानांच्या बगलेत लहान हिरवे, घट्ट मिटलेले कळे धरतात, ते गळून प्रवाहाबरोबर जातात. जमिनीतले कंद ३० सेंटिमीटरपर्यंत खोल असू शकतात आणि चार वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात. फ्लोरिडातल्या प्रयोगांत एका कंदापासून पुढे चौरस मीटरमागे ६,००० हून जास्त नवे कंद मिळाले आहेत.

फ्लोरिडात काय झालं

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मत्स्यालयाच्या व्यापारातून ही वनस्पती श्रीलंकेहून फ्लोरिडात पोहोचली. १९६० मध्ये ती तिथल्या उघड्या पाण्यात सापडली आणि नंतर कालवे, तलाव, नद्या भरत गेली. तिथे फक्त मादी झाडं होती, तरी काही बिघडलं नाही. सगळा विस्तार तुकड्यांवर आणि कंदांवर झाला. तणनाशक म्हणून फ्लुरिडोन वर्षानुवर्षं वापरलं गेलं. २००० नंतर त्याला दाद न देणारे प्रकार तिथे नोंदले गेले.

शत्रू शोधायला शास्त्रज्ञ भारत आणि पाकिस्तानात आले. १९८७ मध्ये दोन कीटक फ्लोरिडात सोडले गेले: पानं पोखरणारी हायड्रेलिया पाकिस्तानी ही माशी आणि कंद खाणारा बॅगस अफिनिस हा सोंडकिडा. माशी तिथे रुजली, सोंडकिडा रुजला नाही, आणि त्याचं कारण आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. हा किडा कंदापर्यंत पोहोचतो तो तळं आटल्यावर, उघड्या पडलेल्या जमिनीतून. आपल्याकडची गावतळी पूर्वी दर वैशाखात आटायची. फ्लोरिडातली तळी आटत नाहीत. आता आपण शेततळ्यांना प्लास्टिक अंथरतो, कालव्याचं आवर्तन घेतो, बोअरचं पाणी सोडतो आणि पाणी बारमाही ठेवतो. म्हणजे हायड्रिलाचा जुना लगाम आपणच सैल केला आहे.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९४ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या डीग्रे तलावावर टकले गरुड मरू लागले. मेंदूत सूक्ष्म पोकळ्या दिसत, कारण सापडत नव्हतं. ते पक्कं व्हायला २०२१ उजाडलं. हायड्रिलाच्या पानांवर एक नीलहरित जिवाणू वाढतो आणि ब्रोमीनयुक्त विष तयार करतो. वारकरी पक्षी ती पानं खातात, गरुड ते पक्षी खातात. पाण्यातलं ब्रोमाइड कुठून येतं याच्या संशयितांत डायक्वाटही आहे, म्हणजे हायड्रिला मारायला फवारलेलं एक औषधच.

मासे पहाटेच का मरतात

दिवसा हायड्रिला ऑक्सिजन सोडते, रात्री झाडं, मासे, जिवाणू सगळेच तो वापरतात. पुण्याच्या उंचीवर २५ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. दाट तणाच्या तळ्यात दुपारी तीनला तो १२ च्या वर दिसू शकतो आणि पहाटे ३ मिलिग्रॅमच्याही खाली आलेला असतो. एकदाच, तेही सकाळी अकराला मोजून 'पाणी उत्तम' असा शेरा देणं म्हणूनच निरर्थक. मोजायचं असेल तर पहाटे साडेपाच आणि दुपारी तीन अशा दोन्ही वेळा मोजा, आणि सामूही (pH) बघा. दुपारी सामू ९ च्या वर गेला की पाण्यातला अमोनिया विषारी रूपात जास्त राहतो. सांडपाणी येणाऱ्या तळ्यात हा दुसरा मार बसतो. पावसाळी ढगाळ हवेचे तीन-चार दिवस सलग आले की दिवसाची कमाईही घटते, आणि मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. तेव्हा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री चालवायचा. लोक दिवसा चालवतात.

एवढं असूनही सगळं तण काढणं चूक आहे. मुळं गाळ धरून ठेवतात, पानांमध्ये पाणी संथ होऊन गढूळपणा बसतो, तरंगत्या हिरव्या शेवाळाला जे खत मिळालं असतं ते पानं आणि पानांवरचा थर ओढून घेतात. माशांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या आणि गोगलगायी तिथेच वाढतात. उथळ, खतावलेल्या तळ्याच्या दोन टिकाऊ अवस्था असतात: नितळ पाणी आणि तळाशी वनस्पती, किंवा वनस्पती नाही आणि पाणी हिरवंगार. पहिलीतून दुसरीत ढकलणं एका आठवड्याचं काम आहे, परतीला मात्र वर्षं लागतात. साधारण पाव ते तिसरा हिस्सा क्षेत्रावर तण राहू द्यावं, हा आमचा सल्ला.

काढायची तर अशी

वेळ महत्त्वाची. जमिनीतले कंद दिवस लहान असताना धरतात. पुण्यात डिसेंबरात दिवस ११ तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च हा कंदांचा काळ. पावसाळा संपता संपता, पाणी नितळू लागलं की पहिली काढणी करा. दुसरी डिसेंबरात. मार्च-एप्रिलमध्ये पृष्ठभागावर छत दिसल्यावर केलेली काढणी डोळ्यांना समाधान देते, पण तोवर कंद जमिनीत गेलेले असतात.

कापण्याआधी बाहेर जाणाऱ्या सांडव्यावर किंवा पाइपवर एक सेंटिमीटर छिद्रांची जाळी लावा. तिच्यामागे आणखी एक लावली तर उत्तम, कारण पहिली तासाभरात भरते. विळ्याने तुकडे करत सुटू नका. दोन माणसांनी लांब दांड्याच्या दाताळ्याने तळापासून उपटत किनाऱ्याकडे ओढा, वारा येतो त्या काठाकडून सुरुवात करून वारा जातो त्या दिशेने. सुटलेले तुकडे मग एकाच काठाला जमतात आणि चाळणीच्या जाळ्याने गोळा करता येतात. एका वेळी तळ्याचा तिसरा हिस्सा, मग दोन आठवडे थांबायचं. ढीग काठावर ठेवू नका. निथळणाऱ्या पाण्याबरोबर खत परत तळ्यात जातं, म्हणून उतार तळ्याकडे नसलेली जागा निवडा, काठापासून दहा मीटर तरी लांब.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं मे महिन्यात रिकामं होत असेल तर तळाचा गाळ खरवडून काढा, कारण कंद त्यातच असतात. फावडं नको, प्लास्टिक फाटतं. रबरी पट्टीचा वायपर आणि घमेलं पुरे. हा गाळ कोरडवाहू शेतात टाकायला हरकत नाही. दुसऱ्या तळ्याच्या बांधावर किंवा ओढ्याकाठी टाकला तर मात्र तुम्ही कंद पेरलेत. धरणातला गाळ शेतात नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

गवत्या मासा हा स्वस्त उपाय आहे आणि तितकाच सहज बिघडणाराही. ग्रास कार्प मूळचा चीनकडचा, भारतात १९५९ मध्ये आणला गेला. उबदार पाण्यात तो दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतकं तण फस्त करू शकतो आणि कोवळी हायड्रिला त्याला फार आवडते. बोटुकली सोडली तर ती तणाऐवजी बगळ्यांच्या आणि मोठ्या माशांच्या पोटात जातात, म्हणून वीतभर तरी लांबीचे मासे सोडा. हेक्टरी पन्नासपासून सुरुवात करा, सहा महिने बघा, मग वाढवा. एकदम पाचशे सोडणाऱ्यांचं तण खरंच संपतं, पण खाल्लेलं खत विष्ठेतून पाण्यात उतरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी मटाराच्या सूपासारखं होतं. बंदिस्त तळ्याबाहेर, म्हणजे ओढ्यात किंवा नदीत हा मासा सोडू नये.

तणनाशक पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाण्यात नकोच. इतरत्रही सगळं तण एकदम मारलं तर ते एकदम कुजतं आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपवतं.

'पाणी शुद्ध करते' यात किती तथ्य

हायड्रिला शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं, आर्सेनिक शोषते, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसलं आहे. यातला बराच भाग पहिल्या काही तासांतच पानांच्या पृष्ठभागाला चिकटतो. पण झाड मेलं की धातू परत पाण्यात आणि गाळात जातात. म्हणजे लावण्याइतकंच वेळेवर काढणंही हवं, आणि काढलेला धातूभरला ढीग जाणार कुठे हे आधी ठरलेलं हवं. औद्योगिक सांडपाण्यातलं तण खतालाही चालत नाही आणि चाऱ्यालाही. ते धोकादायक कचऱ्याच्या केंद्रातच गेलं पाहिजे, जिल्ह्यात तशी सोय रांजणगावला आहे.

घरगुती सांडपाण्याचा हिशोब करून बघा. एक टन ओल्या हायड्रिलात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कोरडा भाग ८० किलो धरला आणि त्यात स्फुरद ०.३ टक्के, तर एक टन तण काढल्यावर तळ्यातून जेमतेम पाव किलो स्फुरद बाहेर पडतं. एक माणूस सांडपाण्यात रोज साधारण दीड ग्रॅम स्फुरद सोडतो, वर्षाला अर्धा किलोच्या वर. म्हणजे एका माणसाच्या पाच-सहा महिन्यांच्या हिश्शासाठी टनभर तण ओढायचं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. ते पाणवनस्पती लावून सुधारू, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा गुणाकार करायला सांगा.

शेवटचा हात फिरवायला मात्र ती चांगली. सोसायटीच्या किंवा कॅम्पसच्या शुद्धीकरण केंद्रातून आलेलं, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असलेलं स्वच्छ दिसणारं पाणी एका उथळ तळ्यात तीन ते सात दिवस थांबवा. खोली पाऊण ते एक मीटर. वीतभर लांबीच्या आठ-दहा फांद्यांची जुडी सुतळीने खड्याला बांधा, चौरस मीटरला तीन-चार जुड्या सोडा. महिन्याभरात तळ भरतो, त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी तिसरा हिस्सा काढा. फसतं ते बहुधा पाणी गढूळ असल्याने, अमोनिया जास्त असल्याने किंवा पानांवर तंतुमय शेवाळाचा थर चढल्याने. तळ दिसत नसेल तर लावूच नका.

स्वच्छ पाण्यातल्या तणाचं खत करता येतं. एक दिवस निथळू द्या. एक घमेलं तणाला दीड घमेलं सुका पाला किंवा बारीक केलेलं उसाचं पाचट मिसळा, ढीग मीटरभर उंच ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी पलटा. मूठभर मिश्रण दाबलं की एक-दोन थेंब यावेत, धार लागली तर सुका माल कमी पडला आहे. नुसत्या तणाचा ढीग खाली बसतो, हवा शिरत नाही आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं. पानांवर चुना जास्त असेल तर इंदापूर-बारामतीकडच्या चोपण जमिनीला ते देऊ नका, तिथे सामू आधीच चढलेला असतो. जनावरांना घालण्याचा विचार मोजूनच सोडून द्यावा: गाईला दिवसाला दहा किलो कोरडा चारा धरला तर सव्वाशे किलो ओली हायड्रिला लागेल. कोंबड्या आणि बदकं थोडीफार आवडीने खातात.

मत्स्यालयातली जास्तीची हायड्रिला किंवा एगेरिया नाल्यात, नदीत, कालव्यात टाकू नका. गच्चीवर कागदावर पसरून पानं कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, तळाच्या वाळूत कंद असतील तर ते वेचून उकळत्या पाण्यात घाला, आणि मग ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका.